कारागिराचा माल कोल्हापूरबाहेर न्यायचाय? आधी वही काढा

सुभाषनगरात चप्पल बांधणारी घरं, हुपरीच्या आसपास घरी बसून पैंजणं जोडणाऱ्या बायका, शिरोळ-कागलकडच्या गावांतले चटणी-पापडाचे बचत गट, बुरूडकाम करणारी कुटुंबं. यांच्या मालाला चांगलं गिऱ्हाईक मिळावं असं मनापासून वाटणारी माणसं कोल्हापुरात कमी नाहीत. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त बँकवाले असतात, पुण्यात नोकरी करून सुट्टीला गावाकडे येणारे असतात. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "इन्स्टाग्रामवर पेज काढून देऊ काय?"

द्या की. पण त्याचा नंबर बराच खाली लागतो. हा लेख त्याच्या आधीच्या कामांबद्दल आहे, आणि तो कारागिराला हात द्यायला निघालेल्या नवख्या माणसासाठी लिहिलाय. कारागिराला त्याचं काम येतं. आपल्याला मात्र बरंच शिकायचं असतं.

एक घर, एक वस्तू

सुरुवात एकाच घरापासून किंवा एकाच गटापासून करा, आणि त्यांच्या एकाच वस्तूपासून. गटाकडे पापड, कुरडया, लोणचं, चटणी, शेवया सगळं असतं आणि सगळंच विकलं जावं असं त्यांना वाटतं. तुम्ही विचारा: यातलं कोणतं शेजारीपाजारी मागून नेतात? ती वस्तू धरा.

जायचं ते दुपारी, जेवणं उरकल्यावर. पहिल्या भेटीत मोबाईल खिशात ठेवा. अशी घरं फोटो काढून गेलेल्या लोकांना कंटाळलेली असतात. फोटो गेले, माणसंही गेली. नुसतं बसा, काम बघा आणि तीन गोष्टी समजून घ्या. कच्चा माल कुणाच्या पैशानं येतो? तयार माल आज कोण नेतो? घरात पैसा नेमका कोणत्या महिन्यात आटतो?

यातल्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एक व्यापारी असतो. नवखा माणूस लगेच ठरवून टाकतो की हाच तो लुटणारा. जरा थांबा. चप्पलच्या धंद्यात चामडं उधारीवर देणारा बहुतेक वेळा तोच. पावसाळ्यात चप्पल कुणी घेत नाही, तेव्हा घर चालवायला उचल देणाराही तोच. पोराच्या दवाखान्याला रात्री पैसे लागले तर फोन त्यालाच जातो. या सगळ्याची किंमत तो मालाच्या भावातून वसूल करतो आणि पुष्कळदा फार चढी वसूल करतो, हे खरंच. पण तुम्ही त्याला एका झटक्यात बाजूला केलंत आणि तुमची ऑर्डर दुसऱ्या महिन्यात आली नाही, तर त्या घरानं जायचं कुठं? म्हणून पहिल्या हंगामात पाचातला एकच हिस्सा नव्या बाजारासाठी काढायचा. बाकीचा जिथं जातो तिथं जाऊ दे.

आता वही

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळा खेळ इथंच ठरतो. चटणीच्या गटातल्या मावशींना विचारून बघा, "पाकीट तुम्हाला कितीला पडतं?" उत्तर येतं ते असं: "पडतंय कितीला ते कोण बघतंय बाबा? बाजारात एकशे धाला जातंय, आमी बी तेवढ्यालाच देतोय."

वही उघडा आणि एका घाण्याचा हिशेब त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. आकडे तुमच्या गावात वेगळे येतील, रीत हीच. समजा २० किलो कांदा-लसूण चटणी केली. मिरची, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला, कांदा, लसूण, तेल, मीठ मिळून ६,००० रुपये. कांडप ८००. गॅस ३००. पाव किलोची ८० पाकिटं, पाकीट आणि लेबल मिळून १० रुपयांप्रमाणे ८००. सांडलवंड आणि उरलेलं-खराब झालेलं ३००. झाले ८,२००. पाकीट ११० ला विकलं तर हातात येतात ८,८००. उरले ६००.

आता विचारा, हे काम किती जणींनी किती दिवस केलं? दोघींनी, तीन दिवस. म्हणजे सहा दिवसांची मजुरी ६०० रुपये, दिवसाला १००. शेतात भांगलणीला गेल्या असत्या तर याहून जास्त मिळाले असते. हा आकडा वहीत पहिल्यांदा दिसतो तेव्हा घरात जरा शांतता पसरते. तिथं भाषण द्यायला जाऊ नका. फक्त पुढची ओळ लिहा: मजुरी, रोज ४०० प्रमाणे, २,४००. एकूण १०,६००. एका पाकिटाला १३२ रुपये ५० पैसे. म्हणजे ११० ला विकलेल्या प्रत्येक पाकिटामागे साडेबावीस रुपये घरातून जात होते, आणि जितकं जास्त विकलं तितके जास्त जात होते. मोठा बाजार मिळाला असता तर तोटाही मोठा झाला असता.

१३२ वर धंदा वाढवायला म्हणून १५ टक्के धरा, साधारण १५२ रुपये होतात. हा थेट विक्रीचा भाव. दुकानात ठेवायचं तर दुकानदार छापील किमतीतले २५ टक्के तरी मागतो. १५२ रुपये हातात पडायला छापील किंमत २०५ च्या आसपास ठेवावी लागते. नवखे इथं एक ठरलेली चूक करतात: १५२ वर २५ टक्के चढवून १९० छापतात. मग दुकानदार १९० चे २५ टक्के कापतो आणि हातात १४२ येतात. टक्के नेहमी छापील किमतीवर कापले जातात, हे ध्यानात ठेवा.

मग मावशी म्हणणार, "दोनशे पाचला कोण घेतंय?" बरोबर आहे. कोल्हापुरातलं गिऱ्हाईक घेणार नाही, कारण त्याच्या आईनं उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवलेली असते. घेणारा असतो पिंपरी-चिंचवडला फ्लॅटमध्ये राहणारा, ज्याला तांबडा रस्सा करायचाय आणि दुकानातल्या पुडीनं जमत नाही. लांबचा बाजार शोधायचा तो यासाठी. जिथं वस्तू सगळ्यांकडे आहे तिथं तिला भाव येत नाही.

चप्पलचा हिशेबही असाच मांडायचा, पण तिथं मजुरी अनेक हातांत वाटलेली असते. तळ कापणारा एक, वेणी घालणारी दुसरी, शिलाई तिसऱ्याची. वेणी आणि गोंडे बहुतेक घरांत बायका करतात आणि त्यांचा रोज कुणी धरतच नाही. वहीत त्यांच्या नावाची वेगळी ओळ असलीच पाहिजे. ती ओळ नसेल तर तुमचा सगळा हिशेब खोटा.

मिरची आणि चामडं या दोन्हींचे भाव हलतात. म्हणून प्रत्येक खरेदीची पावती तारीख घालून वहीतच चिकटवा. ज्या महिन्यात भाव चढला, त्या महिन्यात पाकिटाचा भावही पुन्हा मांडायचा.

दुसऱ्यांदाही तेच मिळालं पाहिजे

प्रदर्शनातलं गिऱ्हाईक चाखून घेतं, पायात घालून बघतं. लांबचं गिऱ्हाईक आठवणीवर घेतं. मागच्या वेळची चटणी झणझणीत होती आणि यावेळची मवाळ निघाली तर ते तक्रारही करत नाही, नुसतं पुन्हा मागत नाही. त्यामुळे "अंदाजानं टाकतोय" हे मोजमापात आणावं लागतं. वजनकाटा आणा. पुढचे दोन-तीन घाणे होताना शेजारी बसा आणि मावशी जे मुठीनं टाकतील ते आधी काट्यावर ठेवून लिहून घ्या. त्यांची मूठ बदलायची नाही, फक्त मोजायची. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट तारीख टाकून कपाटात ठेवा. माल किती महिने टिकतो, तेल सुटतं का, वास येतो का, हे त्यावरूनच कळतं.

चप्पलमध्ये खरी डोकेदुखी मापाची. एकाच नंबराची दोन घरांतली चप्पल एकसारखी येत नाही, आणि ऑनलाइन गेलेला माल परत येतो तो मुख्यतः यामुळे. यावर उपाय म्हणजे गिऱ्हाईकाकडून पायाचं माप सेंटिमीटरमध्ये मागवणं. त्याला असं कळवा: संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, अनवाणी कागदावर उभे राहा. पेन्सिल सरळ उभी धरून पायाभोवती रेघ काढा. टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतची लांबी मोजा आणि चवड्याचा घेर दोऱ्यानं मोजा. दोन्ही पायांचं घ्या. कागदाचा नुसता फोटो चालत नाही, फोटोत माप फसतं. आकडे लिहूनच मागवा.

आणि कोल्हापुरी नवीन असताना चावते, हे आधीच सांगा. आपल्याला त्याचं काही वाटत नाही, चार दिवस तेल लावून घातली की पायाला बसते. पण दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या माणसाला वाटतं माल खराब आला. डब्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत एक चिठ्ठी टाका: थोडं तेल लावा, सुरुवातीला रोज थोडाच वेळ घाला, पाण्यात भिजवू नका, भिजलीच तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा. परत येणारे जोड या एका चिठ्ठीनं कमी होतात.

पावसाळ्याचं वेगळं बघा. जुलैच्या कोल्हापुरात चामड्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माल पाठवू नका. आधी कागदात गुंडाळा, ओलावा शोषणारी पुडी टाका, मग खोका. त्यापेक्षा चांगलं म्हणजे पावसाळ्यात दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायच्या, निम्मे पैसे आगाऊ घेऊन. पैसा नेमका आटतो त्याच महिन्यांत हातात पडतो आणि व्यापाऱ्याच्या उचलीची गरज थोडी कमी होते.

कागदपत्रं

हा भाग रटाळ आहे, पण चुकवता येत नाही. एक नियम आधीच सांगतो: प्रत्येक नोंदणी कारागिराच्या नावावर, त्याच्या आधारवर आणि त्याच्याच मोबाईल नंबरवर. "सध्या माझ्या नंबरवर टाकू, नंतर बदलू" असं म्हणू नका. नंतर कुणी बदलत नाही.

पहिली उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारदरबारी नोंद. १ जुलै २०२० पासून ती याच नावानं सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर होते आणि पूर्ण मोफत आहे. आधार आणि पॅन लागतं. पैसे मागणारी, सरकारीसारखीच दिसणारी संकेतस्थळं बरीच आहेत. पैसे भरायचं पान आलं की समजा चुकीच्या ठिकाणी आलात. पॅनच नसलेल्या अगदी छोट्या व्यवसायांसाठी उद्यम असिस्ट नावाची वेगळी सोय आहे, ती बँकेसारख्या संस्थांमार्फत होते.

दुसरी पीएम विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. चर्मकार, कुंभार, सोनार, शिंपी आणि टोपल्या-चटया-झाडू करणारे त्यात येतात. काही दिवसांचं प्रशिक्षण आणि त्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, मग ५ टक्के व्याजानं आधी १ लाख आणि पुढे २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. त्यामुळे घरात कुणाच्या नावावर घ्यायचं यावर शांतपणे बोलणं होऊ द्या. वेणी घालणारीही कारागीरच आहे, एवढं तुम्ही सुचवू शकता.

खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी. लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते आणि तिची फी वर्षाला १०० रुपये आहे. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक लेबलवर छापायचा. लेबलवर आणखी काय हवं: वस्तूचं नाव, घटक (जास्त असलेला आधी), शाकाहारीची हिरवी खूण, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ती तारीख, बॅच नंबर, पत्ता, तक्रारीसाठी फोन. पोषणमूल्यांचा तक्ता वगैरे आणखी बारकावे आहेत, ते छपाईआधी जिल्हा उद्योग केंद्रात किंवा जाणकाराला दाखवून घ्या. पाच हजार लेबलं छापून मग चूक सापडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. देवीचा फोटो टाकायचा मोह प्रत्येकाला होतो. टाळा. रिकामं पाकीट कचऱ्यात जातं, आणि मग त्यावरून बोलणी खावी लागतात.

जीएसटीबद्दल लोक उगाच घाबरतात, किंवा मग अजिबातच घाबरत नाहीत. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल विकायचा म्हटलं की नियम बदलतो आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागू शकते. ठरलेल्या यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना यात सवलत आहे. तुमची वस्तू त्या यादीत बसते का हे करसल्लागाराला विचारूनच पुढे जा. मोठ्या ऑनलाइन बाजारांत ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही आपल्या राज्यापुरतं विकता येतं, त्यासाठी वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. सुरुवातीला मुंबई, पुणे, नाशिक एवढं पुष्कळ आहे.

आधी जवळचं गिऱ्हाईक

भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी सत्यसुधारक हॉटेल काढलं तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला कोण येणार, हाच प्रश्न होता. शाहू महाराजांनी नुसती मदत दिली नाही. ते स्वतः तिथं गेले, चहा प्यायले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागला. बाजार उभा करून देणं म्हणजे काय याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. पहिली दहा गिऱ्हाइकं तुम्ही स्वतः चालवत आणायची असतात.

तर तुमच्या ओळखीत कोण आहे ते बघा. लग्नाच्या आहेराला पन्नास जोड घेणारं घर, दिवाळीला कामगारांना भेट देणारा शिरोली एमआयडीसीतला कारखानदार, पाहुण्यांच्या खोलीत स्थानिक वस्तू ठेवू बघणारा हॉटेलवाला. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा भाविक महाद्वार रोडवरून काहीतरी घेऊनच परततो. तिथल्या एका दुकानात दहा पाकिटं ठेवून महिनाभर काय होतं ते बघा. ठेवताना साध्या कागदावर दोन प्रतींत लिहा, किती नग, काय भाव, पैसे कधी, आणि दुकानदाराची सही घ्या. "विकलं की देतो" या बोलीवर माल देऊन मोकळं होऊ नका. २० किलोच्या घाण्यात गटाचे ८,२०० रुपये अडकतात. ते दीड महिना परत आले नाहीत तर दुसरा घाणा होतच नाही.

बचत गट असेल तर उमेद या गटांसाठीच्या सरकारी अभियानाच्या तालुका कक्षात जाऊन भेटा. जिल्हा परिषदेकडून भरणाऱ्या प्रदर्शनांत आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस या मोठ्या प्रदर्शनात गटांना स्टॉल मिळतात, ते याच वाटेनं. मुंबईला गेलात तर एक काम नक्की करा: प्रत्येक घेणाऱ्याचा व्हॉट्सॲप नंबर त्याला विचारून लिहून घ्या. स्टॉलवरच्या दहा दिवसांच्या विक्रीपेक्षा ती यादी मोलाची. मुंबईहून गट परत येतो, बायका खूश असतात, पैसेही आलेले असतात, आणि वहीत एकाही गिऱ्हाइकाचं नाव नसतं, असं फार होतं.

माल पाठवायला कुरिअर आणि स्पीड पोस्ट आहेच, पण पुण्या-मुंबईला रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकायची आपल्याकडची जुनी रीत विसरू नका. पुण्यात राहणाऱ्या कुणा एकानं पंधरवड्याला वीस जणांची मागणी गोळा केली आणि एकच खोकं सोडलं तर पाकिटामागचा खर्च नगण्य होतो. अशी एका सोसायटीतली गिऱ्हाइकं कायमची जोडली गेली की ऑनलाइन बाजाराची घाई उरत नाही.

मडकी, पणत्या, माठ यांच्याबाबत माझं मत स्पष्ट आहे: पार्सलच्या नादी लागू नका. फुटीत सगळा नफा जातो. कुंभाराला दह्याच्या मडक्यांसाठी दोन हॉटेलं आणि एखादा मिठाईवाला कायमचा बांधून दिलात तर तेच त्याच्यासाठी मोठं मार्केट.

आता तो फोन बाहेर काढा

व्हॉट्सॲप बिझनेस मोफत आहे आणि त्यात वस्तूंची यादी भाव-फोटोसह लावता येते. सुरुवातीला एवढं पुरे. घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो बहुतेक वेळा मुलाच्या हातात असतो, हे गृहीत धरा. ऑर्डर आली की आईला कळलं पाहिजे, यासाठी घरातच काही पद्धत लावून द्या. पैसे घेण्याचा क्यूआर मात्र तिच्याच खात्याचा.

फोटो सकाळच्या उजेडात, सावलीत काढा. पाठीमागे घोंगडं नाहीतर साधं पांढरं कापड. चप्पलचा वरून, बाजूनं आणि तळाचा. तळाचा फोटो हवाच, कारण वादीची शिलाई आणि चामड्याचे थर तिथं दिसतात आणि रेक्झिनच्या नकली मालापेक्षा आपला माल वेगळा का ते गिऱ्हाईक स्वतःच बघतं. काम करणाऱ्या हातांचा एखादा फोटो चांगला. पण गळकं छप्पर, उघडी पोरं आणि "गरीब कारागिराला मदत करा" असली ओळ टाकू नका. कारागिराला ते अपमानाचं वाटतं, तो तोंडावर बोलत नाही एवढंच. शिवाय दया येऊन चप्पल घेणारा माणूस दुसरा जोड मागत नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारात उतरण्याआधी वहीत आणखी चार ओळी घाला: कमिशन, पाठवणी, परत आलेल्या मालाचा भाडेखर्च, आणि पैसे खात्यात यायला लागणारे दिवस. शंभरातले पंधरा जोड परत आले तर काय, तेही मांडा. तरीही मजुरी सुटत असेल तर उतरा. पोच झाल्यावर पैसे ही सोय सुरुवातीला बंदच ठेवलेली बरी. दार न उघडणाऱ्या गिऱ्हाइकाचा जाता-येताचा खर्च कारागिरावर पडतो.

कोल्हापुरी हे नाव

कोल्हापुरी चप्पलला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं: ठरलेल्या भागात तयार झालेल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे एकत्र आहे आणि दोन्हीकडचे चार-चार जिल्हे त्यात येतात. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कोल्हापूरचा गूळ आणि आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांनाही असं मानांकन आहे. पण मानांकन वस्तूला मिळालं म्हणून प्रत्येक घराला ते आपोआप वापरता येत नाही. कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. चप्पलसाठी संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या कार्यालयात चौकशी करा. अर्ज भरायला मदत करणं हे तुमच्यासारख्याचं उत्तम काम आहे, कारण तो भरायला कारागिराला वेळही नसतो आणि धीरही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. पुढे कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार झाला, २,००० जोड इथल्या कारागिरांकडून करून घेण्याचा. चांगलंच झालं. त्या दिवसांत नाव जगभर झालं, पण मोबाईलवर जोड मागवणाऱ्याला खरा कोल्हापुरी जोड कोणत्या घरातून मिळेल ते सापडणं अवघडच होतं. पुढच्या वेळी असा उजेड पडेल तेव्हा तुमच्या घराचं नाव, जीआयची नोंद, मापाची पद्धत आणि भाव तयार हवा.

तुम्ही कुठं उभे राहणार

सहा महिन्यांनी एक तपासणी करा. गिऱ्हाइकांची यादी कुणाच्या फोनमध्ये आहे? भाव कोण सांगतं? तुम्ही आठवडाभर आजारी पडलात तर ऑर्डर जाते का? उत्तरं तुमच्याकडे बोट दाखवत असतील तर कारागिराला एक नवा मधला माणूस मिळालाय, फक्त तो पैसे घेत नाही एवढाच फरक. आणि फुकट काम करणारा माणूस कधी ना कधी दमतो. त्यामुळे घरातली बारावी झालेली मुलगी, गटाची सचिव, कुणीतरी एक जण पहिल्या महिन्यापासूनच शेजारी बसवा. वही तिनं लिहायची, गिऱ्हाइकाला फोन तिनं लावायचा. तुमचा जाण्या-येण्याचा, फोनचा खर्च झाला तर तोही वहीत मांडा, भले घेऊ नका. पुढे पगारी माणूस ठेवायचा झाला तर त्याची जागा भावात आधीच धरलेली असेल.

परदेशाचं विचारणारे पहिल्याच भेटीत विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. छोटी पार्सलं टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून कागदपत्रांसह पाठवता येतात. कोड कारागिराच्या पॅनवर किंवा गटाच्या नावावर काढा. त्याआधी राज्यातल्या राज्यात एक अख्खी दिवाळी निभावून न्या, वेळेत, एका मापात, आणि वहीतल्या मजुरीची ओळ पुरी भरून.